एम्मा बोव्हारीचा जमाखर्च

घरात सारे ठीकठाक असताना एखादी सून गप्प गप्प राहू लागली, जेवणावरची तिची वासना उडाली, खिडकीशी तासन्‌तास बसू लागली, की आपल्याकडे दोन निदाने तयार असतात. एक, कुणाची तरी दृष्ट लागली. दुसरे, हिला सुख टोचते आहे. नवरा कमावता, निर्व्यसनी, हात न उगारणारा. डोक्यावर छप्पर, दोन वेळचे व्यवस्थित. आणखी काय हवे बाईला?

हाच प्रश्न घेऊन एका फ्रेंच लेखकाने साडेचार वर्षे खर्ची घातली. गुस्ताव्ह फ्लोबेर (१८२१-१८८०) हा नॉर्मंडी प्रांतातल्या रुआँ शहरातील एका नामांकित सर्जनचा मुलगा. सप्टेंबर १८५१ मध्ये त्याने लिहायला घेतलेली 'मादाम बोव्हारी' एप्रिल १८५६ मध्ये पूर्ण झाली. सुखाने खाऊन-पिऊन असलेल्या एका डॉक्टराच्या असमाधानी बायकोची ही गोष्ट. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी एम्मा बोव्हारी या बाईबद्दल वाचकांचे एकमत झालेले नाही. वर्गात तिच्याविषयी शिकवताना दर वर्षी मुलांमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बाई वाईट चालीची होती. दुसरा म्हणतो, बिचारी प्रेमाला भुकेली होती. आज या सदरात, वाचकहो, मला तिसऱ्याच एका वाटेने तिच्याकडे पाहायचे आहे. ती वाट आहे हिशेबाच्या वहीची.

आधी कथा थोडक्यात. एम्मा ही एका बऱ्यापैकी शेतकऱ्याची मुलगी, रुआँच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. शार्ल बोव्हारी हा पूर्ण पदवीचा डॉक्टर नव्हे. त्या काळी फ्रान्समध्ये कमी शिक्षणावर गावाकडे औषधोपचार करण्याचा एक परवाना मिळे, तो त्याच्याजवळ होता. तिच्या वडिलांचा मोडलेला पाय बसवायला तो जातो, तिथे ओळख होते. पुढे त्याची पहिली बायको वारते आणि दोघांचे लग्न होते. संसार सुरू होतो तोस्त या लहान गावात, नंतर याँव्हिल नावाच्या दुसऱ्या गावात. एम्माला तिथला प्रत्येक दिवस आदल्या दिवसासारखा वाटू लागतो. रोदोल्फ नावाच्या श्रीमंत जमीनदाराशी तिचे संबंध जुळतात, तो तिला सोडून जातो. मग लेआँ हा कारकून. या सगळ्यात कर्ज वाढत जाते, घरावर जप्ती येते आणि एम्मा स्वतःचा अंत करून घेते.

पुस्तकाच्या नावाकडे जरा पाहा. ते 'एम्मा' नाही, 'मादाम बोव्हारी' आहे. म्हणजे आपल्याकडे लग्नपत्रिकेत 'सौ. व श्री.' छापतात, तसे नवऱ्याच्या आडनावाने ओळखले जाणे. या कादंबरीत मादाम बोव्हारी एक नाही, तीन आहेत: शार्लची आई, त्याची पहिली बायको आणि एम्मा. नाव तेच, घर तेच, त्यात बाई बदलते. फ्लोबेरने पुस्तकाला उपशीर्षक दिले त्याचा अर्थ 'प्रांतातल्या चालीरीती' असा होतो. एका बाईची नव्हे तर एका गावाची गोष्ट सांगतो आहे, हे त्याने पहिल्याच पानावर सांगून टाकले होते.

सरकारला मात्र तिथे फक्त बाईच दिसली. १८५६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात 'रव्ह्यू द पारी' या नियतकालिकात कादंबरी क्रमशः छापून आली आणि लेखक, संपादक आणि मुद्रक यांच्यावर सार्वजनिक नीती आणि धर्म यांचा अवमान केल्याचा खटला भरला गेला. सरकारी वकील होते एर्नेस्त पिनार. ७ फेब्रुवारी १८५७ रोजी तिघेही निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये पुस्तक बाजारात आले. त्याच वर्षी याच पिनारसाहेबांनी कवी बोदलेर याच्यावर खटला चालवला, तेव्हा मात्र कवीला दंड झाला आणि त्याच्या सहा कवितांवर बंदी आली. फ्लोबेरच्या वकिलाने केलेला युक्तिवाद आजही वर्गात सांगण्यासारखा आहे. त्याचे म्हणणे असे, की हे पुस्तक पापाची गोडी लावत नाही, त्याचा शेवट दाखवून शहारे आणते.

आता बाईच्या दुखण्याकडे येऊ. पुष्कळ जण सांगतात, तिचे डोके कादंबऱ्यांनी बिघडवले. यात तथ्य आहे. कॉन्व्हेंटमध्ये महिन्याकाठी आठवडाभर कपडे शिवायला, रफू करायला एक वयस्क बाई येत असे. ती मोठ्या मुलींना चोरून कादंबऱ्या देई. त्यांत घोडेस्वार, चांदणे, अश्रू आणि नावा. लग्नानंतर एका सरदाराच्या वाड्यावर नृत्यसमारंभाचे आमंत्रण आले. एकच रात्र. परतताना वाटेत सापडलेली रेशमी सिगारपेटी एम्माने जपून ठेवली आणि अधूनमधून ती उघडून हुंगत बसली. पॅरिसचा नकाशा विकत आणून ती त्यावर बोटाने रस्ते फिरत असे. आपण मराठीत म्हणतो, दुरून डोंगर साजरे. कन्नडमध्ये तेच, 'दूरद बेट्ट नुण्णगे'. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांत ही म्हण दोनदा ऐकायला मिळते, आणि एम्माला ती एकदाही कुणी सांगितली नाही.

पण म्हणून तिचे दुखणे खोटे ठरते का? मला तसे वाटत नाही. औषधाची बाटली चुकीची उचलली म्हणून पोटदुखी खोटी ठरत नाही. गरोदरपणी एम्माला मुलगा हवा होता. वंश चालावा म्हणून नव्हे. पुरुष निदान मोकळा असतो, त्याला देश हिंडता येतात, अडथळे ओलांडता येतात, हे तिच्या मनात होते. मुलगी झाली हे कळल्यावर तिने मान फिरवली. हा विचार तिला कुठल्या कादंबरीने शिकवला नव्हता. तो तिने स्वतःच्या आयुष्याकडे पाहून केला होता.

माझे माहेर मराठी, सासर कन्नड. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही कादंबरी मी शिकवायला घेतली तेव्हा आमच्या अत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, तांदूळ निवडता निवडता विचारले, हे एवढे जाड पुस्तक कशाचे? मग तीन-चार दुपारी मी त्यांना मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये गोष्ट सांगितली. अत्तींचे शिक्षण चौथीपर्यंतचे. एम्माला त्यांनी नावे ठेवली नाहीत की तिची कीवही केली नाही. त्यांनी एवढेच विचारले, 'गंड एनू केळलिल्लेनु?' म्हणजे, नवऱ्याने काहीच विचारले नाही का? माझ्या एम.ए.च्या टिपणांत पुष्कळ काही होते, पण हा प्रश्न नव्हता. त्यानंतर कादंबरी पुन्हा वाचली ती या एका प्रश्नासाठी, आणि पानोपानी उत्तर मिळत गेले. नाही. कुणीही विचारले नाही.

शार्ल वाईट नवरा नाही. तो तिच्यावर जीव ओवाळून टाकतो. तिची प्रकृती बिघडली तेव्हा चार वर्षांत तोस्तमध्ये नीट बसलेला धंदा सोडून हवापालट म्हणून त्याने गाव बदलले. पुढे ती फार आजारी पडली तेव्हा त्रेचाळीस दिवस तिच्या उशापासून हलला नाही. पण तुला काय होते आहे, हा प्रश्न त्याने फक्त वैद्य म्हणून विचारला. आपण सुखी आहोत, म्हणजे तीही सुखी असणार, हे त्याने धरूनच चालले होते. आपल्याकडच्या किती भल्या गृहस्थांचा हिशेब असाच असतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

एम्मा एकदा आपणहून धर्मगुरूकडेही गेली. मनातले सांगायला गेली होती. पण धर्मगुरूंचे लक्ष धर्मपाठाला आलेल्या दंगेखोर पोरांकडे. बाईंना बरे वाटत नाही म्हणजे अपचन झाले असेल, घरी जाऊन थोडा चहा घ्यावा, असा सल्ला त्यांनी दिला. सासूबाईंचे निदान वेगळे. सुनेला हाताला काम नाही आणि वाचन फार, म्हणून रुआँच्या वाचनालयात जाऊन तिची वर्गणी बंद करायची, असे ठरले. नवऱ्याने गाव बदलले, धर्मगुरूने चहा सांगितला, सासूने पुस्तके बंद केली. औषधे तीन, पण नाडी कुणीच पाहिली नाही.

मग विचारपूस केली कुणी? दोघांनी केली, आणि दोघांचाही त्यात फायदा होता.

पहिला रोदोल्फ. वय चौतीस, या विद्येत मुरलेला. एम्माला पहिल्यांदा पाहताच तिला काय हवे आहे ते त्याने ओळखले, आणि नंतर हिच्यापासून सुटका कशी करून घ्यायची याचाही विचार त्याच दिवशी केला. गावात शेतकी प्रदर्शन भरते. खाली मैदानात भाषणे आणि बक्षिसे, वर नगरपालिकेच्या सभागृहात खिडकीशी रोदोल्फ आणि एम्मा. फ्लोबेरने येथे कमाल केली आहे. एक वाक्य रोदोल्फच्या प्रेमाचे, त्याला लागूनच खालून येणारे एक वाक्य शेणखताच्या बक्षिसाचे. कोणता माल खरा हे वाचकाने ठरवायचे.

याच समारंभात एक म्हातारी मोलकरीण व्यासपीठावर येते. कातरीन लरू तिचे नाव. एकाच शेतावर चोपन्न वर्षे चाकरी केल्याबद्दल तिला पंचवीस फ्रँकचे रौप्यपदक मिळते. इतकी माणसे पाहून ती भांबावते आणि पदक गावच्या धर्मगुरूला देईन म्हणते, त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना म्हणाव्यात. कादंबरीतली ही एकमेव समाधानी बाई. तिच्या समाधानाचा भाव वर्षाला अर्धा फ्रँकही पडत नाही. खाली अशा समाधानाचा सत्कार चालू असताना वर एक असमाधानी बाई गोड शब्दांना भुलते आहे. 'समाधानाने राहा' असा उपदेश करण्याआधी त्या गावाने समाधानाला काय किंमत दिली होती, हे फ्लोबेर शांतपणे दाखवतो. स्वतः काहीच बोलत नाही.

विचारपूस करणारा दुसरा माणूस म्हणजे कापड आणि शोभेच्या वस्तू विकणारा लरो. फ्रेंचमध्ये या आडनावात 'सुखी' हा शब्द दडलेला आहे. तो पहिल्या भेटीत काही खपवत नाही. आपला माल दाखवतो, पैशाची घाई नाही म्हणतो, आणि जाताना गरज पडली तर रोख रक्कमही देता येईल एवढे सुचवून जातो. एम्माला काय आवडते, ती कधी उदास असते, कधी कुणाला भेटते, हे गावात सर्वांत नीट माहीत असलेला माणूस हाच. ज्या घरात माणसे विचारपूस करत नाहीत, तिथे सावकार विचारपूस करायला येतो.

इथे त्या काळचा कायदा समजून घेतला पाहिजे, नाहीतर कथेची गाठ सुटत नाही. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेप्रमाणे फ्रान्समधल्या विवाहित बाईने नवऱ्याची आज्ञा पाळायची होती, आणि त्याच्या संमतीवाचून तिला करार करता येत नव्हता. घटस्फोट १८१६ साली रद्द झाला होता, तो पुन्हा कायद्यात आला १८८४ मध्ये. फ्लोबेर त्याआधी चार वर्षे वारला होता. म्हणजे एम्माला नवऱ्यापासून कायदेशीर वेगळे होऊन नवे घर मांडण्याची सोय नव्हती, आणि स्वतःच्या नावाने व्यवहार करण्याचीही नव्हती. लरोने यातून वाट काढली. शार्लकडून मुखत्यारपत्र घ्यावे असे त्याने तिच्या मनात भरवले. लग्नाने जे स्वातंत्र्य दिले नाही ते सावकाराने दिले, आणि ते फक्त सही करण्याचे होते.

त्यानंतर वचनचिठ्ठ्या, म्हणजे आपली प्रॉमिसरी नोट, एकीतून दुसरी निघत जातात. जुनी भागवायला नवी. व्याज, दलाली, मुदतवाढ. शार्लच्या वडिलोपार्जित मालमत्तेतले एक घर एम्माने चार हजार फ्रँकना विकले, त्यातलाही मोठा वाटा लरोच्या देण्यात गेला. पियानोच्या शिकवणीच्या नावाखाली दर गुरुवारी रुआँला लेआँकडे जाणे, तिथले खोलीभाडे, कपडे, भेटवस्तू. अंथरूण पाहून पाय पसरावेत, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु', हे दोन्ही भाषांतले शहाणपण खरेच. पण अंथरूण केवढे आहे हे सांगणारी वही तिच्या हाती कुणी कधी दिली नव्हती. ती वही लरोकडे होती.

शेवटी कोर्टाचा हुकूम येतो. चोवीस तासांत आठ हजार फ्रँक भरा, नाहीतर जप्ती. मग ती दारोदार फिरते. लेआँ पळवाट काढतो. गावचा नोटरी मदतीच्या बदल्यात भलतीच मागणी करतो, तेव्हा एम्मा ताडकन उठून निघून जाते. माझी कीव करा, पण मी विकाऊ नाही, अशा अर्थाचे ती बोलते. बाई वाईट चालीची, म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे पान आवर्जून वाचायला लावते. मग ती रोदोल्फकडे तीन हजार मागते. एकेकाळी जन्मोजन्मीच्या गोष्टी करणारा तो माणूस म्हणतो, माझ्याकडे नाहीत. त्यानंतर उरते ते विष, आणि फ्लोबेरने तो मृत्यू सुंदर केलेला नाही. कादंबऱ्यांत वाचलेल्या मरणासारखे त्यात काही नाही. नुसत्या यातना आहेत.

तिची बाजू घेताना तिच्या खात्यावरचे दुसरे पानही उलटले पाहिजे. लहानगी बेर्त आईच्या पायाशी येते तेव्हा चिडलेली एम्मा तिला ढकलते; पोर कपाटावर आपटते आणि गालाला जखम होते. नवऱ्याचे नाव व्हावे म्हणून इपोलित या नोकराच्या वाकड्या पायावर शस्त्रक्रिया करायला शार्लला भरीस घालणाऱ्यांत एम्माही असते. पाय सडतो, मांडीपासून कापावा लागतो. आपले दुःख मोठे असले की दुसऱ्याचे दिसत नाही, हा दोष तिच्यात पुरेपूर आहे. फ्लोबेर तो झाकत नाही, आपणही झाकू नये. दुःखी माणूस दुसऱ्याला दुःख देत नाही, असा नियम कुठे आहे?

आणि मग शेवटची बेरीज. ती गेल्यावर सारे गाव बिले घेऊन येते. पियानोच्या बाई सहा महिन्यांची फी मागतात, एम्माने एकही धडा घेतलेला नसताना. वाचनालय तीन वर्षांची वर्गणी मागते. लरोचा तगादा पुन्हा सुरू होतो. शार्लला बायकोची पत्रे सापडतात, सारे कळते, आणि थोड्याच दिवसांत बागेतल्या बाकावर तिच्या केसांची बट हातात धरून तो मरतो. बेर्तला वाटते, बाबा गंमत करताहेत. सर्व विकून झाल्यावर शिल्लक उरते बारा फ्रँक पंचाहत्तर सांतीम. ते पोरीला आजीकडे पाठवण्याच्या प्रवासखर्चाला लागतात. आजीही त्याच वर्षी जाते. मग एक गरीब मावशी तिला सांभाळते आणि पोटासाठी सूतगिरणीत कामाला धाडते. आईने पॅरिसच्या नकाशावर बोट फिरवले, लेकीची बोटे सुतावर फिरली. अत्तींनी नवऱ्यापाठोपाठ विचारलेला दुसरा प्रश्न हाच होता, लेकराचे काय झाले? उत्तर ऐकून त्या तांदळाचे सूप बाजूला ठेवून उठून गेल्या.

कादंबरीतले शेवटचे वाक्य एम्माचे नाही, शार्लचे नाही, बेर्तचेही नाही. ते आहे गावातल्या बडबड्या औषधविक्या ओमेचे. त्याला सरकारी सन्मानपदक मिळते. ज्याच्या दुकानातले विष एम्माने घेतले, त्याचा सत्कार करून पुस्तक संपते.

ही बाई फ्रान्सचीच, तिथल्या कायद्याची आणि तिथल्या काळाची. तरी ती आपल्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. १९९३ साली केतन मेहता यांनी या कादंबरीवरून 'माया मेमसाब' हा हिंदी चित्रपट काढला. दीपा साही माया झाल्या, फारूक शेख डॉक्टर नवरा. संगीत आपल्या हृदयनाथ मंगेशकरांचे. त्या गाण्यांची चाल ज्यांना आठवते त्यांना एम्माची हुरहुर पुस्तक न वाचताही थोडीफार ठाऊक आहे.

पालक मला विचारतात, आमच्या मुलीने अशी पुस्तके वाचावीत का? वाचावीत. आणि मुलांनी तर नक्कीच वाचावीत, कारण पुढे शार्ल होण्याची पाळी त्यांच्यावर येणार आहे. वाचताना हातात पेन्सिल घ्यावी आणि लरोच्या भेटी मोजाव्यात. आता लरोला घरी यावे लागत नाही. त्याचे दुकान मोबाइलमध्ये मावते, हप्तेही तिथेच बांधून मिळतात, आणि तुम्हाला काय आवडते हे त्याला घरच्यांपेक्षा आधी कळते. फरक एवढाच पडला आहे की आजच्या एम्माला स्वतःचे खाते आहे, नोकरी आहे, घटस्फोटाचा कायदा आहे. हा फरक मोठा आहे, त्याला कमी लेखू नये. पण मुलीला मोबाइल देताना तिला हिशेबाची वहीही द्यावी, घराच्या कर्जाचा आकडा सुनेलाही ठाऊक असावा, सही कशावर करतो ते दोघांनी वाचावे.

आणि घरातले कुणी गप्प गप्प राहू लागले, तर दृष्ट काढण्याआधी, हवापालटाचे तिकीट काढण्याआधी, जवळ बसून विचारावे. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा. उत्तर लगेच मिळणार नाही, कदाचित मिळेल ते आवडणारही नाही. तरीही विचारावे. विचारायला काही खर्च येत नाही, आणि न विचारल्याची किंमत काय पडते ते बेर्तच्या वाट्याला आलेल्या बारा फ्रँक पंचाहत्तर सांतीमांवरून कळते.